डाव्या दोरीची गाठ

दाभणाचं टोक गाठीवरून सटकलं आणि थेट अंगठ्यात घुसलं.

"आई गं!" म्हणत त्याने आधी दाराकडे पाहिलं. दुकानाची कडी आतून लावलेलीच होती. भर सकाळी, गिऱ्हाइकाच्या वेळेला, तंबू शिवणारा हा गृहस्थ दार लावून बसला होता, कारण समोर लेकीच्या काइटच्या दोऱ्या पडल्या होत्या आणि त्यांचा गुंता त्याने स्वतः करून ठेवला होता.

तो त्याला काइट कधी म्हणालाच नव्हता. फळीत पाय अडकवून, त्या भल्यामोठ्या काइटच्या ओढीवर लेक समुद्रावरून सुसाट जायची, आणि हा शेजाऱ्यांना सांगायचा, "एवढी शिकवली, तर पोरगी पतंग उडवते आमची." जेवताना टोमणे, पाहुण्यांसमोर टोमणे. मात्र किनाऱ्यावरच्या टपरीआड उभं राहून तिला बघायला जायचा, हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि आज पहाटे, ती झोपलेली असताना, हाच माणूस तिची काइटची बॅग चोरासारखा उचलून किनाऱ्यावर घेऊन गेला होता. नुसतं एकदा हातात धरून बघायचं होतं. काइट वर गेला, गर्रकन वळला आणि धाडकन वाळूत आपटला. मग कुणी बघायच्या आत त्याने सगळं गोळा करून बॅगेत कोंबलं.

बाकी गुंता सुटला होता. डाव्या दोरीतली एक गाठ मात्र मोहरीएवढी होऊन घट्ट बसली होती. दाभणाने जमेना म्हणून त्याने पक्कड लावून ओढली, तर ती आणखी आवळली. मग डोकं ठिकाणावर आलं. साबणाच्या पाण्यात भिजवली, बोटांत फिरवून मऊ केली आणि ओढण्याऐवजी दोन्हीकडून दोरी आत ढकलत राहिला. सुटली एकदाची. तिथले तंतू जरा पिंजारले होते. तंबूची नायलॉनची दोरी अशी पिंजारली की लायटरची आच दाखवायची, ही त्याच्या हाताची जन्माची सवय. त्याने आच दाखवली, चिमटीत चोळली, आणि दोरी नव्यासारखी गुळगुळीत झाली.

दुपारी वारा वाढला. त्याने बॅग खांद्यावर घेतली, तशी बायको म्हणाली, "आज सूर्य कुठे उगवला म्हणायचा?"

"परीक्षा आहे तिची. जातो सोबत."

"खरंच येताय, बाबा?" लेक एवढी हरखली की त्याला तिच्याकडे बघवेना.

आज पास झाली तर तिला इतरांना शिकवायचा परवाना मिळणार होता. परीक्षक बाई हातात शिट्टी घेऊन उभ्या होत्या. लेकीने दोऱ्या वाळूवर पसरल्या आणि एकेक बोटांतून ओढत तपासू लागली. डावी दोरी आली. तिची बोटं त्या जागेवरून सरकली आणि तशीच पुढे गेली. काम इतकं सफाईचं झालं होतं की तिला काही जाणवलंच नाही. सुटलो बुवा, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात दोऱ्यांच्या पार त्या टोकाला एक माणूस सिगारेट ओढत येऊन उभा राहिला.

"ओ दादा, ती सिगारेट लांब!" लेक ओरडली.

"एवढ्याशा ठिणगीने काय होतंय?"

"ही दोरी माणसाला उचलते, पण गरमी सोसत नाही. भाजलेली वरून कळत नाही आणि जोराच्या वाऱ्यात तुटते. मी वर असताना तुटली, तर हाडं गोळा करावी लागतील माझी."

बापाला सकाळचा लायटर आठवला. लेक काइट वळवायच्या दांड्याकडे वळली. आता बोलायलाच हवं होतं, आणि तो बोलला.

"थांब! ठिणगी पडली. मी बघितली. इथे, डाव्या दोरीवर."

"अहो, मी इथून हललोसुद्धा नाही!" तो माणूस गयावया करू लागला. परीक्षक बाई त्याच्यावर तुटून पडल्या. लेकीने खाली बसून ती जागा नखाने वाकवली. दोरी तिथे काडीसारखी ताठ होती. तिने त्या माणसाकडे पाहिलं, मधलं अंतर पाहिलं, मग बापाकडे पाहिलं.

"बाबा, ते तर त्या टोकाला आहेत."

"त्यांना नका बोलू," तो बाईंना म्हणाला. "मी जाळली. पहाटे मी नेला होता उडवायला. गाठ बसली, ती सोडवली, आणि लायटर लावला."

सिगारेटवाला मान हलवत निघून गेला. बापाला वाटलं, त्याने दोन शिव्या तरी द्यायच्या होत्या.

"सगळ्या दोऱ्या बदलून पुढच्या परीक्षेला ये," परीक्षक बाई लेकीला म्हणाल्या. "आज नाही जमणार."

लेक दांड्यावर दोऱ्या गुंडाळू लागली. तो दुसरं टोक धरून तिच्यासमोर उभा राहिला, मान खाली घालून.

"उडाला का?" तिने मान वर न करता विचारलं.

"उडाला!"

तो शब्द तोंडातून असा काही उसळून निघाला की लेकीचे हात थांबले. तिची परीक्षा बुडाली होती, एका निरपराध माणसावर त्याने आळ घेतला होता, आणि तरी आवाजात आनंद मावत नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. त्याने हातातली दोरी तेवढी घट्ट धरून ठेवली.