लखू फौजीची ट्रंक

रामनगरात लखू गावड्याला सगळे फौजी म्हणायचे, पण ते चिडवायला. एकाहत्तरच्या लढाईत हा माणूस पूर्वेच्या सरहद्दीवर लढला, गुडघ्यात लोखंडाचा तुकडा घेऊन परत आला, आणि लोकांनी त्याला काय विचारावं? तर, फौजी, पदक कुठं हाय? पंधरा ऑगस्टला बाकीचे माजी सैनिक छातीवर पदकं लावून पुढच्या खुर्च्यांत बसायचे, आणि लखू मागं शाळेच्या कट्ट्यावर. त्याचा सख्खा मेव्हणा परशुराम तर चारचौघांत म्हणायचा, हा तिथं भांडी घासायला होता. लखू भांडला नाही कधी. येतील, एवढंच म्हणायचा. तेरा वर्षांमागं तो येतील म्हणतच गेला.

त्याच्या फोटोखाली त्याच्या बायकोनं, चंद्रानं, एक खिळा ठोकून घेतला होता. पदकं आली की अडकवायला. अठ्ठ्याहत्तरीच्या म्हातारीची नजर गेली, तरी सकाळी उठून ती त्या रिकाम्या खिळ्यावर बोट फिरवायची. पदकं आपल्यामुळं आली नाहीत, हे तिनं मनात धरलं होतं.

त्यांचं मूळ गाव शिरवळी. ते सुप्याच्या धरणात गेलं. पाणी येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण देवळापर्यंत येणार नाही, देव स्वतःला बुडू देईल व्हय, असं सगळी शिरवळी म्हणत होती. म्हणून घरं रामनगरला हलवताना लोकांनी जपायच्या वस्तू देवापाशी नेऊन ठेवल्या. कुणी पाटल्या ठेवल्या, कुणी जमिनीचे कागद. चंद्रानं नवऱ्याचं पलटणीचं बुक तेलकट फडक्यात गुंडाळून देवाच्या पाटाखाली सरकवलं. पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात पाणी चढलं ते कळसावरून गेलं. देव गेला, बुकही गेलं.

बुक नाही तर पदक कुठलं, असं लखूला कुणी शहाण्यानं सांगितलं, आणि ते चंद्राच्या काळजात रुतलं. लखू तिला एका शब्दानं बोलला नाही. पोट कुणाला चुकलंय? ज्या धरणानं गाव गिळलं त्याच धरणाच्या फाटकावर, गणेशगुडीला, तो पहारेकरी म्हणून लागला आणि अठरा वर्षं तिथं उभा राहिला.

गेल्या साली जोयड्यात माजी सैनिकांचा मेळावा झाला. एक साहेब माईकवर म्हणाले, कितीतरी पदकं पडून आहेत, वारसांनी येऊन घेऊन जावं. लखूची मुलगी कमल ते ऐकत होती. साठीला टेकलेली बाई, पण जिभेला धार. दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरून ती कचेरीत हजर. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही, सगळ्या एकाच माळेचे मणी.

कारकून म्हणाला, सर्विस बुक आणा. कमल म्हणाली, ते पाण्यात गेलं. मग गावचा रहिवासी दाखला आणा. गावच पाण्यात गेलं. बरं, मग गाव पाण्यात गेलं असं त्या गावच्या तलाठ्याचं पत्र आणा. कमलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बुडालेल्या गावात तलाठी कुणासाठी बसवायचा, माशांसाठी?

चार खेपा झाल्या. तालुक्याला गेली तर तिथल्या बाईनं संगणकात शिरवळी शोधली आणि नाही म्हणून मान हलवली. जे गाव संगणकात नाही तिथं कुणी राहत नव्हतं! ज्या गावात कमल जन्मली, चालायला शिकली, ते गाव कधी नव्हतंच म्हणे. पाचव्या खेपेला कारकुनानं जांभई देत विचारलं, निदान फौजेचा नंबर तरी आहे का. नंबर कुणाला पाठ असतो?

ती घरी आली. दुसऱ्या दिवशी पेरायचं बियाणं काढायला बापानं फौजेतून आणलेल्या काळ्या ट्रंकेपाशी बसली आणि झाकणावर हात ठेवून तशीच राहिली. पांढऱ्या रंगात नंबर, नाव, पलटण, सगळं तिथं रंगवलेलं. जन्मापासून ती ते बघत होती, पण रोजचं बघितलेलं कोण वाचतो? तिनं भात पोत्यात ओतलं, ट्रंक डोक्यावर घेतली, बस गाठली आणि कचेरीत जाऊन ती कारकुनाच्या टेबलावर, त्याच्या चहाशेजारी, दाणकन ठेवली.

“बुक बुडलं, ट्रंक न्हाई बुडली,” ती म्हणाली. “वाचा आता.”

त्यानं वाचलं. मुकाट नंबर उतरवून घेतला.

दोन महिन्यांनी रजिस्टरानं पुडकं आलं. आत तीन पदकं. कमलनं ती आईच्या ओंजळीत ठेवली आणि कडेवर कोरलेलं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. पदकांखाली एक जुना, पिवळा पडलेला लखोटा होता, फायलीतला तसाच पाठवलेला. पत्ता बापाचाच, मुक्काम शिरवळी, तालुका सुपा. शिक्का शहाऐंशीच्या ऑगस्टचा. आणि वर लाल शाईनं लिहिलेलं, गाव धरणात बुडाले, घेणारा सापडला नाही, परत.

कमलनं तेही वाचलं.

“म्हंजे बुक लागतच नव्हतं?” चंद्रानं विचारलं.

“न्हाई गं आये. पलटणीनं पदकं आपणहून धाडली व्हती, ह्याच लखोट्यातनं.”

एवढी वर्षं म्हातारीनं छातीवर घेतलेला धोंडा, आणि तो तिचा नव्हताच. कमलला वाटलं आता ही रडणार. ती रडली नाही.

“त्या ऑगस्टात ते फाटकावर हुबं व्हते,” ती म्हणाली. “सरकारचीच टोपी घालून. रोज हजेरी घ्यायला बरे सापडत व्हते.”

कमल पदकं खिळ्याला लावायला उठली, तशी म्हातारीनं तिचा हात धरला.

“पदकं ऱ्हाऊ देत ट्रंकेवर. खिळ्याला तो लखोटा लाव. आन परशरामाला बोलव. आधी ह्ये वाच म्हणावं, मग पदकं बघ.”

कमलनं लखोटा खिळ्याला टोचला आणि मामाला आणायला निघाली.