सुभेदाराचं ‘नको’

इरावती मावशी अकरा वर्षांनी नागपूरला निघाली, तेव्हा घराच्या किल्ल्या देण्याआधी तिने मला पोपटाचा रेडिएटर दाखवला. पोपटाला स्वतःचा रेडिएटर होता. माझ्याही खोलीत एक होता, पण तो तापायचा नाही, आणि त्याबद्दल मी दोन हिवाळे सभ्यपणे गप्प होतो.

मावशी खरं तर माझ्या आईची मावशी, म्हणजे माझी आजीच. पण ‘आजी’ म्हटलं की तिला कमी ऐकू येतं. तिच्या विलायतेतल्या क्रॉयडनच्या घरात वरच्या मजल्यावर मी राहतो, ट्रॅमने ऑफिसला जातो आणि लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. खाली, किचनच्या खिडकीशी, सुभेदार राहतो.

सुभेदार म्हणजे पोपट. हिरवा, लाल चोच, गळ्यात गुलाबी-काळी पट्टी. आपल्याकडे चिंचेच्या झाडावर असतो तोच. फक्त हा जन्माने क्रॉयडनचा. या भागात हे पोपट कुणीतरी कधीतरी सोडले, आणि व्हिसा लागत नसल्यामुळे ते भराभर वाढले. वीसेक वर्षांपूर्वी त्यातलं एक पिल्लू ट्रॅम स्टॉपजवळच्या झाडावरून पडलं आणि मावशीने ते पर्समधून घरी आणलं. डावा पंख मोडलेला होता, तो कधी धड जुळला नाही. तेव्हापासून सुभेदार उडत नाही. हात मागे बांधून फेऱ्या मारणाऱ्या रिटायर्ड अधिकाऱ्यासारखा चालतो, आणि अस्खलित नागपुरी बोलतो. नागपूर त्याने पाहिलेलं नाही.

मावशीला उन्हाळ्यात नागपूरला जायला डॉक्टरांनी मनाई केली होती, आणि हिवाळ्यात सुभेदाराने. अधू पोपट इथल्या थंडीत पटकन आजारी पडतो. चार वाजता अंधार झाला की पिसं उपटत बसतो. त्यामुळे दर वर्षी नोव्हेंबर आला की मावशी म्हणायची, “पुढच्या वर्षी बघू.”

यंदा मात्र वरदा आजी, म्हणजे माझ्या आईची आई, मावशीची थोरली बहीण, माणसं विसरायला लागली. आधी शेजारी विसरली. मग जावई विसरली, पण ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग दिवाळीत फोनवर तिने मावशीला विचारलं, “आपण कोण बोलता?”

मावशीने फोन ठेवला आणि जानेवारीतलं मिळेल ते पहिलं तिकीट काढलं.

“फेब्रुवारीत परत येते,” ती मला म्हणाली. “तिला मी आठवतेय तोवर बसते तिच्यापाशी. पण परीक्षित, याला काही झालं तर लपवायचं नाही. मी दुसऱ्या दिवशीच्या विमानात बसेन.”

“काही नाही होत गं.”

“असंच म्हणतात सगळे.” मग ती पिंजऱ्याकडे वळली. “याला छळू नकोस हो, सुभेदार. साधा आहे बिचारा.”

“बरं,” सुभेदार म्हणाला.

मावशीच्या घरात हिवाळा हा एक धर्म होता आणि त्याचे नियम मला पाठ होते. सकाळी अंधारातच सुभेदाराचा दिवा लावायचा, साध्या बल्बचा नाही, उन्हासारखा पांढरा पडतो तो. रेडिएटरवर ओला टॉवेल टाकायचा, कारण हीटिंगने हवा कोरडी होते. खिडकीच्या फटीत जुनी ओढणी कोंबायची. नॉनस्टिक तवा घरात आणायचा नाही, तो जास्त तापला तर त्याची वाफ पोपटाच्या जिवावर बेतते. उदबत्ती आणि कापूरही बंद. या घरात देवांना वीस वर्षं धूर मिळालेला नाही. त्यांनी कधी तक्रार केली नाही; सुभेदाराने केली असती. रविवारी किचनच्या काट्यावर त्याचं वजन करायचं. आणि खायला (हे खातं आजवर एकट्या मावशीचं होतं) मटार, डाळिंब, भिजवलेली डाळ, अधूनमधून एक हिरवी मिरची.

मी सगळं केलं. ऑफिसचं काम घरूनच करायला घेतलं, आणि दिव्याखाली तर मीच लॅपटॉप घेऊन बसायला लागलो. डोळे मिटले की डोक्यावर जानेवारीतल्या नागपूरच्या गच्चीवरचं ऊन पडायचं, आणि उघडले की समोर सुभेदार माझ्या स्क्रीनमधल्या चुका बघत असायचा.

पहिल्याच दिवशी मी वाटीत मटार घेऊन त्याच्यापुढे धरले.

“नको,” सुभेदार म्हणाला.

मी वाटी मागे घेतली. आमच्या कंपनीत या विषयावर ट्रेनिंग झालेलं आहे. समोरचा नाही म्हणाला म्हणजे नाही. त्यात परत विचारणं, डोळे मिचकावणं, असलं काही बसत नाही. मला सर्टिफिकेटसुद्धा मिळालंय. दुसऱ्या दिवशी डाळिंब. “नको.” मी त्याच्या निर्णयाचा आदर केला. तिसऱ्या दिवशी मिरची. पुन्हा तेच. पिंजऱ्यातल्या कोरड्या बिया तो रात्रीपुरत्या चार टोकरायचा, तेवढंच.

पहिल्या रविवारी वजन जरा उतरलं. दुसऱ्या रविवारी चांगलंच उतरलं. सुभेदाराच्या आकाराच्या जिवाला दहा ग्रॅम म्हणजे आपले सात-आठ किलो. तो बोलेनासाही झाला. दिवसातून तीनदा ‘नको’, बाकी शांतता. एका सकाळी छातीवरचं एक पीस खाली पडलेलं दिसलं.

मी थंडीला जबाबदार धरलं. आणखी एक दिवा आणला. पिंजऱ्याच्या पाठीला गरम पाण्याची पिशवी टांगली. पिंजऱ्यावर माझी माकडटोपी चढवली, त्यामुळे किचनमध्ये आमच्या नात्यातलं कुणीतरी बसलंय असं वाटायला लागलं. शेवटी मी युट्यूबवर डेझर्ट कूलरचा आवाज शोधला, दहा तासांचा, मध्ये जाहिराती नाहीत. म्हटलं, त्याला वाटू दे मे महिना आहे.

सुभेदारावर काही परिणाम झाला नाही. माझ्यावर झाला. त्या घरघरीत वाळ्याचा वास यायला लागला. वरदा आजीच्या स्वयंपाकघराला लागून जेवणाची खोली, खिडकीत कूलर, त्याच्या टाकीत आम्ही पोरं टरबूज गार करत ठेवायचो. दुपारी सगळे एकदम पानावर बसायचे. गोळाभातावर आजी कढत तेल ओतायची आणि कूलरच्या वर आवाज चढवून ओरडायची, “अरे, कोण काय घेऊन राहिलं?” कुणी काहीच घेत नसायचं, तीच वाढत सुटायची. क्रॉयडनला बाहेर गारा पडत होत्या. मी टेबलाशी उभ्याउभ्या थंड सँडविच खात कूलर ऐकत होतो.

मावशी रोज माझ्या लंच ब्रेकमध्ये फोन करायची.

“आज ओळखलं रे तिने!” एकदा ती म्हणाली. “आणि ओळखल्याबरोबर भांडली. म्हणे, माझा जरीचा परकर तूच फाडलास. साठ वर्षांपूर्वीचा परकर! किती बरं वाटलं म्हणून सांगू. सुभेदार कसा आहे?”

“मजेत.”

“खातो ना?”

“हो हो.”

परकराचं भांडण मिटवायला दिवस हवे होते. मी काय सांगणार?

त्याच दुपारी खिडकीतून बाहेर बघितलं. शेजारच्या बागेत सगळं पांढरं झालेलं, तापमान शून्याखाली, आणि त्यांच्या पक्ष्यांसाठी टांगलेल्या जाळीवर सुभेदाराचे नातेवाईक लटकले होते. दहाबारा जण. एकमेकांना ढकलत, शिव्या देत शेंगदाणे ओरबाडत होते. एकाच्याही अंगात स्वेटर नव्हता. थंडीने भूक मरत असती तर ही मंडळी आधी गेली असती. म्हणजे प्रश्न थंडीचा नव्हता. मग कशाचा?

मी पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, सोमवारी घेऊन या, नळीने भरवावं लागेल कदाचित, आणि मालकिणीला कळवा. मी मालकिणीच्या मुलीला कळवलं.

ईशिता, मावशीची मुलगी, इथेच जन्मली आणि वाढली, रीडिंग नावाच्या गावी बँकेत असते. शनिवारी ती आली ती कोट न काढताच किचनमध्ये शिरली.

“ओ माय गॉड, परीक्षित! इथे किती गरम आहे! आणि तुझा टोपी पिंजऱ्यावर का आहे?”

“थंडी वाजू नये म्हणून.”

“त्याला? ही इज स्वेटिंग!” पोपटाला घाम येत नाही हे मी सांगणार होतो, पण तिने तोवर टोपी उपटून माझ्या अंगावर फेकली होती. “पाण्याची पिशवी? सीरियसली? आणि हा घरघर आवाज कसली आहे?”

“कूलर.”

“जानेवारीत?” तिने लॅपटॉप बंद केला, मागे न बघताच वाटीतला एक मटार उचलला आणि पिंजऱ्यात धरला. “घे, सुभेदार.”

“नको.”

“अरे घे ना, असं काय करतोस. आणि परीक्षित, तू मम्मीला का नाही सांगितलं?”

“ती परत आली असती.”

“नको,” सुभेदार म्हणाला.

“एवढासा तर आहे, कोपऱ्यात बसेल पोटात. मी किती लांबून आली, बघ. ऑफ कोर्स ती आली असती, पण तिला खोटं सांगायचा म्हणजे—”

सुभेदाराने मटाराकडे बघितलं. मग छताकडे बघितलं. मग फार मोठे उपकार केल्यासारखा पाय पुढे केला आणि मटार घेतला.

“एकच? एक नाही घ्यायचा. जोडी कर,” ईशिता म्हणाली, आणि दुसरा दिला. माझ्यावर ओरडताओरडता तिने त्याला अर्धी वाटी चारली. व्याकरण जागोजागी चुकत होतं, आग्रह एकदाही चुकला नाही.

“काय केलंस तू?” मी विचारलं.

“कुठे काय? मटार दिला.”

“तो नको म्हणाला होता.”

“हो, ते तर म्हणतोच. तीन वेळा विचारायचा असतं. मम्मीने मला पण अठरा वर्षं असंच खायला घातलंय. दॅट्स व्हाय आय मूव्ह्ड टू रीडिंग.”

मी खुर्चीत बसलो. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात माझा मॅनेजर कॉलिन याने मला घरी जेवायला बोलावलं होतं. त्याने विचारलं, आणखी पाय (खाण्याचा, भाजी भरून भाजलेला) घेणार? मी म्हटलं, नो, थँक यू. पहिलं ‘नको’ होतं ते, नुसतं सुरुवातीचं. कॉलिनने डिश उचलली आणि फ्रिजमध्ये ठेवली. मी उपाशी घरी आलो, वाटेत चिप्स घेतले. त्यानंतर मी शिकलो. पहिल्याच वेळी हो म्हणायचं, आणि दुसऱ्याने नको म्हटलं की ते खरं मानायचं. फार सोयीचं पडतं. इतकं सोयीचं, की नागपूरच्या वळणात वाढलेला एक जीव दोन आठवडे माझ्यासमोर मर्यादेने उपाशी राहिला, आणि मी त्याच्या निर्णयाचा आदर करत होतो.

“आणि तू काय खातो?” ईशिताने विचारलं.

“सँडविच.”

“उभा राहून? त्याच्यासमोर?” तिने मान हलवली. “तो एकटा नाही जेवत, डम्बो. सगळे बसले की बसतो.” मग तिने कुकर शोधला.

वरण-भात झाला तोवर बाहेर काळोख पडला होता. आम्ही टेबलावर तीन जागा मांडल्या. सुभेदार मीठदाणीशेजारी उभा राहिला. त्याच्या बशीत मीठ न घातलेला भात आणि मटार. मी म्हटलं, “घे.” तो म्हणाला, “नको.” मी म्हटलं, “घे रे, लाजतोस काय.” माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. चुलत्यांसारखा आला.

तिसऱ्यांदा म्हटल्यावर तो जेवायला लागला, आणि मी मावशीला व्हिडिओ कॉल लावला. नागपुरात रात्रीची जेवणं आटपून सगळे अजून टेबलाशीच होते. मी सगळं खरं सांगितलं.

मावशीने फोन जवळ ओढला. मग म्हणाली, “आग्रहच केला नाहीस?”

“तू सांगितलं नव्हतंस.”

“हे सांगावं लागतं?”

ईशिता वरणात बघत होती.

“येऊ का मी परत?” मावशीने विचारलं. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. तिच्या मागे गुलाबी शालीत वरदा आजी दिसत होती, फोनकडे वाकून.

“कोण आहे गं?” आजीने विचारलं.

“परीक्षित. तुझा नातू.”

आजीने मला नीट निरखलं. तिच्या डोळ्यांत मी कुठेच नव्हतो, ते मला स्क्रीनवरही दिसलं. कुणाच्या तरी घरचा, दारात आलेला एक मुलगा.

“जेवला का रे बाळा?”

“हो आजी, आत्ताच.”

“काही जेवला नाहीस तू. पान कोरडं दिसून राहिलं. भात घे.”

“नको आजी, झालं माझं.”

“घे न. वाढतात तेव्हा नाही म्हणू नये.”

“खरंच नको. पोट भरलं.”

“बापा, एवढ्याशा भाताने पोट भरते कुणाचं? एक मूद घे. मी बसली आहे न इथे, घे.”

मी उठलो. कुकरमधला भात निवला होता. मी एक मूद वाढून घेतली, आजीला दिसेल अशी ताटली कॅमेऱ्यापुढे धरली, तेव्हा कुठे तिची मान समाधानाने हलली. मग तिने शेजारी बघितलं आणि मावशीच्या हातावर हात ठेवला.

“आणि इरा, तू गं? तूही घे.”

“नको गं ताई,” मावशी म्हणाली. तिचा चेहरा स्क्रीनच्या बाहेर गेला होता.

“अगं घे. घे म्हणते न.”

थोड्या वेळाने मावशी परत दिसली. डोळे पुसलेले होते. तिने मला फोन सुभेदाराकडे वळवायला सांगितलं. तो पायात मटार धरून उभा होता, चोचीत भाताचं शीत. मावशीने त्याच्याकडे पुष्कळ वेळ बघितलं.

“होळी करूनच येते,” ती म्हणाली. “आणि परीक्षित, त्याला मिरची दोनदा विचार. तिसऱ्यांदा नको. ती त्याला बाधते.”