मन्सूरच्या नावाचा ओंडका

वखारी बंद पडल्या, रानातलं सागवान खाडीनं यायचं थांबलं, आणि त्या गावाला पाहुण्यांवर जगायची वेळ आली. मुंबईची माणसं आगबोटीनं हवापालटाला येऊ लागली. ज्याची खोली भरे, त्याची चूल पेटे.

खुर्शीदनंही पडवीलगतची खोली सारवून ठेवली होती. खोली चालली, तर तिचा नवरा मन्सूर मुंबईच्या गोदीतलं काम सोडून घरी येणार होता. त्यांच्या तान्ह्या नसीमाला अजून बापाचा हातही ओळखीचा नव्हता. पण खोलीत पलंग नव्हता, नि मुंबईची माणसं काय चटईवर निजणार?

लाकूड होतं, पण खाडीच्या चिखलात. मुलगा झाला की त्याच्या नावानं सागाचा ओंडका चिखलात पुरायचा, मुरू द्यायचा, आणि तो कर्ता झाला की त्याची होडी बांधायची, ही तिथली रीत. जन्मभर होड्या बांधलेल्या सासऱ्यानं, सुलेमान मेस्त्रीनं, मन्सूरच्या नावाचा तसाच पुरला होता. तो मागायचा कसा? खुर्शीद रोज शब्द जुळवायची आणि गिळायची.

एकदा ओहोटीला सासराच गुडघाभर चिखलात ओंडका उकरताना दिसला.

"बाबा, हे काय?"

"तुझा तोंड बघून बघून कंटाळलो गो. होडी बांधून चालवणार कोण? तो आधी घरला तरी येऊ दे."

लाकूड सावलीत सुकलं, पावसाळा सरला, पलंग झाला. खुर्शीद बघतच राहिली. उशाकडून तो होडीच्या पुढच्या टोकासारखा, नाळेसारखा वर उचललेला, मधे खोलगट.

"बाबा, ह्याला शीड कुठं लावायचं?"

"सपाटच करायला बसलो होतो," म्हातारा ओशाळला. "हातानं ऐकलान नाय."

दुसरा करायला ना लाकूड, ना वेळ. आगबोटीतून मुंबईतल्या डोंगरीचे हारुनशेठ आणि त्यांची बायको ताजबी उतरली. शेठ दमेकरी, दोन शब्द बोलले की थांबत. ताजबीनं पलंगाभोवती एक फेरी मारली.

"वल्ही कुठं ठेवलीत?"

खुर्शीदला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी ऊन पडवीत आलं तरी दार उघडेना. चहा दोनदा निवला. अखेर ताजबी ओठांवर बोट ठेवून बाहेर आली.

"निजलेत," ती कुजबुजली. "आडवं पडलं की ह्यांना धाप लागते, रात्र बसून काढतात बिचारे. तुमच्या ह्या होडीत डोकं वर राहिलं नि…" मग पदरानं डोळे टिपून म्हणाली, "पुढच्या साली खोली आमचीच. आणि आमच्या मोहल्ल्यात दमेकरी काय थोडे आहेत? सगळ्यांना धाडते."

नसीमाला काखोटीला मारून खुर्शीद सासऱ्याला सांगायला निघाली. तो पुन्हा चिखलात होता, ओंडक्याचा उरलेला तुकडा पुरत.

"हा कुणाच्या नावानं, बाबा?"

"हिच्या."

"पोरीच्या नावानं कोणी पुरतं होय?"

"होडी म्हण, पलंग म्हण, काय हवा ता हीच मागेल," म्हातारा नसीमाकडं बघत म्हणाला. "तुझ्यासारखी गप ऱ्हायची नाय."