दिवसा गहाण, रात्री घरी

मी एक जुना लोकरी कोट आहे. रंग एके काळी करडा होता. आता कोणता आहे ते मी सांगणार नाही, तुम्हीही विचारू नका. मला शिवणारा शिंपी मला खुंटीला टांगून चार पावले मागे सरला आणि म्हणाला, "याला दोन पिढ्या मरण नाही!" ते ऐकून मला जी गुर्मी चढली, ती अजून उतरलेली नाही.

पहिली पिढी म्हणजे माझे पहिले मालक. ते गेले आणि मी त्यांच्या लेकीकडे आलो. त्या वह्या-पुस्तके बांधायच्या, म्हणून सगळे त्यांना बाइंडरबाई म्हणत. त्यांच्या खिडकीच्या फटींतून गार वारा शिरायचा. रात्री त्यांना माझ्याशिवाय दुसरे पांघरूण नव्हते. एका हिवाळ्यात कागद कापायचे यंत्र मोडले आणि बाईंनी शेजारच्या घड्याळजीकाकांकडे पैसे उसने मागितले.

काका पवित्र शास्त्राप्रमाणे चालणारे. व्याज घेणार नाही म्हणाले, तारणही नको म्हणाले. पण बाई कसल्या ऐकतात!

"तसे नकोत मला. हा कोट ठेवून घ्या."

"बरं. पण गरजवंताचं पांघरूण सूर्य मावळायच्या आत परत करायचं, असं शास्त्रात सांगितलंय."

"मग सकाळी पुन्हा न्या!"

झाले! मित्रांनो, त्या दिवसापासून मी रोज सकाळी गहाण पडायचो आणि संध्याकाळी सुटायचो. काका दाराबाहेरच उभे राहायचे, कारण तारण घ्यायला कुणाच्या घरात शिरू नये, असेही शास्त्रात आहे. गल्लीतले लोक पोट धरून हसायचे. काका मात्र सूर्यास्ताला कधी मिनिटभरही चुकले नाहीत. शेवटी घड्याळजीच ते! मला तर कुणीतरी बडा पाहुणा असल्यासारखे वाटायचे.

एके दिवशी काका मला घेऊन गेले ते शिंकतच. दुपारपर्यंत ते तापाने फणफणले. मी समोरच्या खुर्चीवर घडी घातलेला आणि ते पलंगावर कुडकुडत होते, पण मला अंगावर घेतील तर शपथ! तारण वापरायचे नसते ना. ऊन भिंतीवरून खाली सरकत होते. कोट पोचवायला हवा, असे पुटपुटत ते उठू बघत आणि पुन्हा आडवे होत. मला फार वाईट वाटले. एवढी ऊब अंगात असून मी नुसता बघत होतो.

ऊन गेले, तरी कोट आला नाही, म्हणून बाईच धावत आल्या.

"काका, अहो, हे काय! कोट का नाही घेतलात अंगावर?"

"तारण आहे ते. आणि आज चुकलंच माझं... सूर्य..."

"मावळला ना? मग आता कोट माझा." बाईंनी मला उचलले, झटकले आणि काकांच्या गळ्यापर्यंत ओढले. "आणि मी तो तुम्हाला उसना देतेय."

काकांचे दात वाजत होते, तरी त्यांनी विचारलेच, "तारण काय ठेवू?"

"ताप ठेवा. सोडवायला आला नाहीत तरी चालेल!"

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाई त्यांच्याच शेगडीपाशी पुस्तके शिवत बसल्या. पुढे पैसे फिटले, यंत्रही छान चालले. आता मी दोन्ही घरांचा आहे. ज्याला थंडी वाजेल त्याने मला न्यावे.

मित्रांनो, घेतलेले वेळेवर परत करा आणि देताना कुणाचे पांघरूण ओढून घेऊ नका. आणि तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा म्हातारा असेल, तर त्याला वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा. कसर लागली की फार गुदगुल्या होतात हो!