ढमीचा भार

दचकू नका मित्रांनो, बोलतोय तो मीच. पडद्यामागच्या कोपऱ्यातला जुना वजनकाटा. खाली उभं राहायला पाटी, वर गोल तबकडी आणि तबकडीत एकच काळा काटा, एवढाच माझा संसार. खरं सांगायचं तर तुमच्यापेक्षा मीच जास्त घाबरलोय. पाटीखालची स्प्रिंग अजून थरथरते आहे. पण कुणाला तरी सांगायलाच हवं, नाहीतर मी नुसता कुढत बसेन.

माझा जन्म एका कारखान्यात झाला आणि पहिली नोकरी लागली दवाखान्यात. तिथला माझा थाट काय सांगू! डॉक्टर स्वतः मला फडक्याने पुसायचे. "हा काटा कधी खोटं बोलत नाही," असं ते पेशंटना सांगायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचो. बाळाचं वजन वाढलेलं दिसलं की त्याची आई माझ्याकडे असं बघायची, जणू मीच त्याला दूध पाजलं होतं. मग एक दिवस काचेचा चपटा काटा आला. त्याच्यात आकडे उजळायचे. झालं! मला जिन्याखाली ढकललं, डोक्यावर रद्दी रचली आणि शेवटी भंगारवाल्याच्या गाडीत चढवलं. वितळवणार म्हणून माझं अवसानच गळालं होतं. पण भंगाराच्या ढिगातून मला आत्याने उचललं.

ती माझी आत्या नव्हे हं. तिला सगळेच आत्या म्हणायचे. कपडे दुरुस्तीचं तिचं छोटं दुकान आहे. पँट आखूड करून देणं, चेन बदलणं, बाही उसवून पुन्हा लावणं, असली कामं. पुढे गल्ला आणि मशीन, मागे पडद्याआड कपडे घालून बघायची खोली. त्या खोलीत मला ठेवलं. मी म्हटलं, दुरुस्तीच्या दुकानात वजनकाट्याचं काय काम?

पहिल्याच दिवशी आत्याचा धाकटा भाऊ माझ्यावर उभा राहिला. लिफ्ट दुरुस्त करणारा, चांगला उंचापुरा गडी. आणि माझा काटा जेमतेम एका मांजराइतका सरकला! मला वाटलं, संपलो, मोडलो मी. पण आत्याने तबकडी बघितली आणि भावाकडे वळली.

"काय रे, एवढा खूश कशाने झालास?"

"ताई, पोरगी आज पहिल्यांदा बाबा म्हणाली मला."

तेव्हा मला उलगडा झाला. मित्रांनो, ही परीचा हात लागलेली माणसं आहेत. कुणाच्या पणजीच्या, कुणाच्या आजोबांच्या कपाळावरून झोपेत एका परीने हात फिरवला होता. का फिरवला, ते तीच जाणे. तेव्हापासून त्यांच्या घराण्यांत वजन टिकत नाही. आनंद झाला की ती हलकी होतात. फार आनंद झाला तर पाय जमीन सोडतात. आणि भीती वाटली की जड होतात. बाकी दिसायला अगदी तुमच्यासारखी. एकजण उंच इमारतींच्या काचा पुसतो, एकजण नर्स आहे, एकजण शाळेची बस चालवतो. सगळी शहरभर विखुरलेली, आणि सगळी आत्याची गिऱ्हाइकं. त्यांच्यात टोपणनावं मुद्दाम वजनदार ठेवतात, म्हणजे कुणाला शंका नको. काचा पुसणारा म्हणजे पोतं. नर्सबाई म्हणजे जाडी. आणि आत्याच्या त्या धाकट्या भावाची लेक म्हणजे ढमी. सगळेच्या सगळे काडीपैलवान!

आत्या त्यांच्या कपड्यांच्या कडांत शिशाच्या गोळ्या शिवून द्यायची. पण खरा उपाय दुसराच होता. घराबाहेर पडण्याआधी थोरामोठ्याने कानात एक भीती सांगायची. त्याला ते 'भार देणं' म्हणत. तुम्ही एकमेकांना कसं काय विचारता, तसं ते "भार घेतलास ना?" असं विचारत. माझ्या तबकडीवर आत्याने नेलपॉलिशने लाल खूण केली होती. काटा खुणेच्या वर गेला की जा बाहेर, खाली राहिला की आणखी एक भीती.

उगाच नव्हतं ते. त्यांच्यातला एकजण भर बाजारात फोनवर बोलत होता. लेकाला नोकरी लागली म्हणून कळलं आणि हा हातभर वर उठला. गर्दी जमली, सगळ्यांचे फोन बाहेर निघाले. थोड्याच वेळात एक पांढरी गाडी आली. त्या गाडीतून गेलेला माणूस आजवर घरी आलेला नाही. ही गोष्ट माझ्या पाटीवर उभं राहून इतक्या जणांच्या कानात सांगितली गेली, की पांढरी गाडी न बघताच मला तिची धडकी भरली.

आता ढमीचं सांगतो, पहिल्यांदा बाबा म्हणालेली तीच पोरगी, आता शाळेत जाणारी. तिची आई मी यायच्या आधीच गेली होती. ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली, हसली आणि आभाळात गेली, एवढंच सगळे सांगायचे. आणि ढमी? अहो, काय कार्टी होती ती! रोज शाळेत जाण्याआधी ती माझ्यावर उभी राहायची, आणि आत्या भार द्यायला वाकली की आमची करमणूक सुरू.

"रस्त्यात कुत्रा चावेल बघ."

"कोण, तो तपकिरी? तो दोस्त आहे माझा."

"मोटार येईल अंगावर."

"मग मी बाजूला होईन की."

"तुला कशाचीच भीती वाटत नाही का गं, बये?"

"वाटते ना. तुझ्या हातच्या भाजीची!"

आणि ती खिदळली की काटा आणखी खाली. आत्या डोक्याला हात लावायची. मग दप्तरात इस्त्रीचा जुना लोखंडी ठोकळा टाकायची आणि कशीबशी तिला धाडायची. मला मात्र हसू यायचं. माझ्या पाटीवर सगळेजण पांढरेफटक चेहरे घेऊन उभे राहायचे. त्यांत ही एकच पोर नाचत यायची.

मग शाळेत धावण्याची शर्यत ठरली. मैदानावर. वर छप्पर नाही, झाड नाही, नुसतं आभाळ. पायात हलके बूट, दप्तर नाही, ठोकळा नाही. पोरगी पहिली आली आणि आनंदाने उडी मारली तर? शर्यतीच्या सकाळी आत्याने ढमीला माझ्यावर उभं केलं, दोन्ही खांदे धरले आणि कानाशी तोंड नेलं. मी तिथेच होतो, मला ऐकू आलं.

"तुझी आई का गेली माहिती आहे? तू पहिल्यांदा खदखदून हसलीस. तुझं बघून ती हसली आणि हसता हसता वर गेली. तू हसली नसतीस तर आज ती इथे असती."

माझा काटा असा उसळला की तबकडीची काच वाजली. लाल खूण तर कधीच मागे पडली.

"आत्ता कसं!" आत्या म्हणाली. "जा, धाव आता बिनघोर."

इथेच घात झाला. काटा खुणेच्या वर गेला की माणूस सुखरूप, असं ही माणसं धरून चालतात. खुणेच्या किती वर गेला, हे कुणी बघतच नाही.

ढमी शर्यतीत शेवटची आली. पण पडली नाही, उडाली नाही, म्हणून घरी सगळे खूश. एरवी घेतलेला भार संध्याकाळपर्यंत उतरायचा. हा उतरला नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या चपलेचा पट्टा तुटला. मग पलंगाची फळी मोडली. मग शाळेतला बाक. जिना चढताना ती प्रत्येक पायरीवर बसायला लागली. बाप लिफ्टची अवजारं खांद्यावर घेऊन मजले चढणारा, पण पोरीला उचलताना त्याच्या तोंडाला फेस यायचा. आणि ती सतत तोंडावर हात ठेवायची. दोन बोटांनी ओठ घट्ट धरून बसायची. तो तपकिरी कुत्रा शेपटी हलवत आला तरी ती तोंड फिरवायची.

परवा दुपारी बाप आणि पोतं तिला हातगाडीवर घालून दुकानात घेऊन आले. मागून धापा टाकत जाडी आली. सगळ्यांनी मिळून ढमीला माझ्या पाटीवर बसवलं. काटा शेवटच्या खिळ्याला जाऊन धडकला आणि तिथेच दाबत राहिला. माझी स्प्रिंग कण्हली, पायाखालची फरशी तडकली. आई शप्पथ सांगतो, एवढं वजन माझ्यावर कधीच आलं नव्हतं. माझं जाऊ द्या हो, पण त्या पोरीला श्वास घेता येईना. छातीसुद्धा तिला जड झाली होती. जाडीने तिची नाडी बघितली आणि तिचा चेहरा उतरला.

"हिला हलकी करा. लवकर. नाहीतर ही आपल्याच वजनाखाली चिरडेल."

"दवाखान्यात नेऊ या," बाप म्हणाला.

"आणि काय सांगणार तिथे?" जाडीने विचारलं.

मग पोतं पुढे झालं. त्याने आत्याची मोजपट्टी नाकाखाली मिशीसारखी धरली आणि डोळे फिरवले. जाडीने एक विनोद सुरू केला आणि शेवट विसरली. बापाने लेकीला गुदगुल्या करायला बोटं पुढे केली, पण ती कुठे फिरवायची तेच त्याला कळेना. जन्मभर हसू दाबलेली माणसं ती, हसवायला कुठून शिकणार? ढमीने ओठ आणखी घट्ट धरले. बोटांच्या फटीतून कसंबसं बोलली.

"नको ना बाबा. मी हसले तर तुम्ही पण जाल."

बाप जागच्या जागी थिजला. मग सावकाश बहिणीकडे वळला.

"ताई, काय सांगितलंस तू हिला?"

आत्याच्या हातातली कात्री खाली पडली. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. आत्या स्वतः कधी भार घ्यायची नाही. तिला गरजच नव्हती. मला पुसायला म्हणून ती पाटीवर पाय ठेवायची, तेव्हा काटा नेहमी लाल खुणेच्या कितीतरी वर असायचा. त्या दुपारी ती तशीच माझ्यावर चढली आणि ढमीला कवटाळून बसली. आता मी फुटणार, अशी माझी खात्री झाली.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "तुझी आई का हसली, मला माहीत नाही. त्या क्षणी मी तिथे नव्हतेच. गच्चीवर गेलं की आपण कमरेला दोरी बांधतो, तशी तिची दोरी मी धरली होती. खाली दूध उतू जात होतं. मी दोरी नळाला अडकवली आणि पळाले. गाठ सैल राहिली. माझी गाठ, ढमे. शिवणकाम करणारी मी, आणि मला एक गाठ नीट मारता आली नाही. वर आले तेव्हा नुसता नळ होता, ना ती, ना दोरी. मी आजवर कुणाला बोलले नाही."

बाप भिंतीला टेकला. रागाने की दुःखाने, कोण जाणे, पण त्याने बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढला नाही.

"मग मी काय करत होते तेव्हा?" ढमीने विचारलं.

"तू? तू खाली पाळण्यात झोपली होतीस."

"खरंच?"

"खरंच गं राणी. घोरत होतीस. म्हाताऱ्यासारखी."

काटा खिळ्यावरून सुटला. मला ते आधी कळलं, इतरांना नंतर. तो थरथरत, अडखळत मागे यायला लागला. ढमीने एक मोठा श्वास घेतला आणि तोंडावरचा हात काढला. "म्हाताऱ्यासारखी?" म्हणाली आणि फसकन हसली. इतके दिवस दाबलेलं हसू ते, एकदम सुटलं! आत्याच्या मिठीतून ती साबणाच्या वडीसारखी निसटली आणि वर, वर, थेट छताकडे निघाली. आत्या रडत होती, बाप हसत होता, पोत्याचे पाय जमिनीपासून उठले होते.

आणि त्याच क्षणी पडदा सरकला.

गडबडीत दुकानाचं शटर ओढायला सगळे विसरले होते. दारात एक बाई उभी होती, साधी गिऱ्हाईक, हातात आखूड करायची पँट आणि दुसऱ्या हातात फोन. तिने खाली बघितलं, मग वर बघितलं. माझ्या डोळ्यांपुढे पांढरी गाडी उभी राहिली. पोतं धपकन खाली आलं. बापाच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्यांना एकच कळत होतं, की ढमी आता घाबरणार. घाबरली की जड होणार. आणि एवढ्या उंचावरून खालच्या फरशीवर...

"अहो, बघता काय नुसते?" ती बाई ओरडली. "पंखा बंद करा आधी! लागेल ना पोरीला!"

खरंच की! डोक्यावर पंखा गरगरत होता आणि ढमीचे केस त्याच्या पात्यांपासून वीतभर अंतरावर होते. आम्हा सगळ्यांना दारातली बाई दिसली होती, पंखा एकालाही दिसला नव्हता. बाईने फोन गल्ल्यावर टाकला, भिंतीवरचं बटण दाबलं आणि पँट खांद्यावर टाकून दोन्ही हात वर केले.

"ये गं बाळ. सावकाश ये. मी धरते."

आणि ढमी सावकाश आली.

मित्रांनो, ती बाई कुठे राहते, तिने पुढे कुणाला सांगितलं का, मला ठाऊक नाही. शटर वाजलं की मी अजून दचकतो. भीती काही जात नाही, आणि जाईल असं खोटं मी सांगणार नाही. माझं मागणं एवढंच आहे. घरातल्या लेकराला बाहेर धाडताना तुमची भीती त्याच्या कानात ओतू नका. ती तुमची आहे, तुम्हीच वाहा. फार जड झाली तर एखाद्या मोठ्या माणसाला सांगा. आणि लेकरू आनंदाने वर उठलंच, तर बघायला कोण आलंय, इकडे नंतर लक्ष द्या. आधी पंखा बंद करा.