रिपोर्टवरची वेळ

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या कम्युनिटी हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. स्टेजवर ऊर्जानंद महाराज, पडद्यावर एक लॅब रिपोर्ट आणि शेजारच्या खुर्चीत, चमत्काराचा पुरावा म्हणून बसवलेल्या शैलजाकाकू.

"ही माउली अन्नाला शिवत नव्हती," महाराज गरजले. "मी मस्तकी हात ठेवला आणि पाहा! प्रोलॅक्टिन नऊवरून थेट सत्तर! आनंदाचा हार्मोन! डॉक्टर देतात करंट, आम्ही देतो कृपा. कृपेला ना इन्शुरन्सचा को-पे, ना साइड इफेक्ट!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. समोर बसलेल्या काकूंच्या नवऱ्यानं, गुरुनाथकाकांनी मात्र मान खाली घातली. बायकोला 'शॉक' दिले हे लोकांना कळू नये, म्हणून त्यांनीच श्रेय महाराजांच्या पदरात टाकलं होतं. रिपोर्टही त्यांनीच दिला होता. घरात वाद नको म्हणून काकू आजवर गप्प होत्या.

पहिल्या रांगेतली नेत्रा रडत उठली. "महाराज, माझ्या आईची ईसीटी, ती शॉकची ट्रीटमेंट, मंडेला सुरू होतेय. ती पाणीसुद्धा पीत नाही. कॅन्सल करू?"

"आजच कर, बेटी!"

डिप्रेशनमध्ये काकूही अशाच अन्नपाणी सोडून पडल्या होत्या. त्यांनी महाराजांच्या हातातला माइक ओढून घेतला.

"नेत्रा, थांब. रिपोर्टवर त्या सत्तरच्या पुढे रक्त घेतल्याची वेळ काय आहे? मोठ्यानं वाच."

"एट थर्टी-फाइव्ह... सकाळचे."

"यांनी डोक्यावर हात ठेवला त्याच दिवशी संध्याकाळी सहाला. कृपा सकाळीच पोचली होती का?"

"ईश्वराला काळाचं बंधन नसतं!"

"लॅबला असतं!"

हॉलमध्ये हशा उसळला.

"त्या सकाळी माझी ईसीटी झाली होती. भूल देऊन झोपवतात, मेंदूत ठरवून फिट आणतात. फिट आली की पिट्युटरी ग्रंथी हा हार्मोन रक्तात सोडते. काही तासांत तो उतरतोही. हॉस्पिटलच्या अभ्यासासाठी आधी आणि नंतर रक्त घेतलं होतं, एवढंच. आणि हा आनंदाचा कसला, बाळंतिणीला दूध आणणारा हार्मोन! साइड इफेक्टही आहेत. गेली दिवाळी मला आठवत नाही. पण जगावंसं वाटतं."

"अश्रद्ध बाई, शाप लागेल!" महाराज किंचाळले.

गुरुनाथकाका स्टेजवर आले. आता ते आपल्याला खाली नेणार, असं काकूंना वाटलं. पण त्यांनी माइक मागितला.

"रिपोर्ट मीच दिला. ती वेळ मलाही दिसली होती. लाजेपोटी गप्प बसलो."

काकूंनी नेत्राचा हात धरला. "सोमवारी मी येते. डॉक्टरांना हवे तेवढे प्रश्न विचार. प्रश्न विचारल्यावर जो शाप देतो, त्याच्या हाती आपलं माणूस कधी देऊ नये."