नरहररावांच्या उशीखालचा शब्दकोश

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझा पुठ्ठा उसवला आहे आणि कडा कोळशाच्या धुळीने काळ्या झाल्या आहेत. मित्रांनो, या खाणीच्या गावी, राजूरला, कपाटातली पुस्तकेसुद्धा काळी पडतात. माणसांच्या छातीचे विचारू नका.

नरहरराव इथे खाणीच्या कचेरीत कारकून होते. साहेबांची पत्रे ते माझ्या मदतीने लिहीत आणि मला थोपटून ‘आमचा वकील’ म्हणत. घरात वाद झाला की मला उघडायचे आणि मी सांगेन ते सर्वांनी मानायचे, ही रीत त्यांनीच घातली. मला तिचा फार अभिमान होता.

निवृत्तीनंतर त्यांना धाप लागू लागली. अंगणातल्या नळापर्यंत गेले तरी ते खांबाला धरून उभे राहत. त्यांची लेक केतकी यवतमाळहून फोनवर म्हणाली, “सलील, बाबांना आजच दवाखान्यात ने.”

“काहून घाबरवून राह्यली तू त्यांना?” तिचा भाऊ हसला. “थांब, वकिलाला विचारतो.”

त्याने मला उघडून मोठ्याने वाचले. इंग्रजीत ‘पँट’ म्हणजे धापा टाकणे; घालायची पँट वेगळी. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी भास होणे, भयंकर स्वप्नाने छाती दडपणे असा अर्थ आहे.

“ऐकलं बाबा? भास! तुमच्याच पुस्तकात आहे.”

“आन् सकाळी दोनदा पोहे घेतले, तेव्हा नाही लागली धाप?” नरहररावांच्या पत्नी शीलाबाई त्यांना म्हणाल्या.

नरहरराव बोलू लागले, पण वाक्य संपायच्या आधी श्वास संपला. त्यांनी मान डोलावली. रीत त्यांचीच होती.

पुढे त्यांना आडवे होता येईना. त्यांनी आणखी एक उशी मागितली. शीलाबाईंनी आहे त्याच उशीखाली मला सारले. “घ्या, तुमचा वकील!”

खालून मी ती छाती ऐकत राहिलो. आधी शिट्टी, मग घरघर. त्यात भास कुठेच नव्हता. एका दुपारी माझ्यावरचा भार अचानक वाढला आणि आवाज थांबला.

भेटायला आलेल्यांना सलील सांगत होता, “झोपेतच गेले. काही त्रास नाही झाला.”

मला पुसून पुन्हा फळीवर ठेवले. काल पाण्याची कळशी आणून शीलाबाई उंबऱ्यावरच बसल्या. धाप लागून त्यांनाही बोलवेना. सलीलचा हात सवयीने माझ्याकडे आला.

मित्रांनो, शब्द कुठून आला एवढेच मला ठाऊक असते. मला वाळवी लागली तरी चालेल, पण कुणाला श्वास पुरत नसेल तेव्हा मला उघडू नका. आधी गाडी काढा.